विचारा की राव! : कार्टून, नकला आणि डोक्यावरून गेलेले जोक

मागच्या अंकात लिहिलं होतं की पुढच्या खेपेला कार्टूनबद्दल विचारा, म्हणजे बारक्या पोरांच्या नाही, मोठ्यांनी बघायच्या. मला वाटलेलं फारसं कोण लिहिणार नाही, पण सांगली-मिरजेपासून पार साताऱ्यापर्यंत प्रश्नांचा पाऊसच पडलाय आणि त्यातले बहुतेक 'द सिम्प्सन्स'वर, त्यामुळं यावेळी तेच घेतलंय. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावातलं पिवळ्या कातडीचं कुटुंब, बाप होमर अणुवीज केंद्रात कामाला आणि कामात शून्य, आई मार्ज निळ्या उंच केसांची, पोरगा बार्ट वाह्यात, पोरगी लिसा हुशार, आणि बारकी मॅगी जिच्या तोंडात कायम चोखणी. मॅट ग्रोनिंगनं हे काढलं, १९८७ ला दुसऱ्याच एका कार्यक्रमात छोट्या तुकड्यांत आलं, १७ डिसेंबर १९८९ ला स्वतंत्र मालिका झाली आणि अजून चालूच आहे. आता प्रश्न.

प्रश्न : इंजिनिअरिंगला आहे, विश्रामबागला रूम करून राहतो. रूममेट सिम्प्सन्सचा कट्टर फॅन, दर दोन मिनिटाला पॉज करतो आणि सांगतो हा सीन अमक्या पिक्चरवरनं घेतलाय, तो तमक्या. मला त्यातलं काहीच माहीत नसतं, मी नुसता हो हो करतो. आधी ते सगळे जुने इंग्लिश पिक्चर बघून घेऊ का? यादी द्याल का? (एक विद्यार्थी, सांगली)

यादी देत नाही. आणि पहिलं काम म्हणजे त्या रूममेटच्या हातातला माउस काढून घे.

अरे, जोक समजून घ्यायला आधी अभ्यास करावा लागत असेल तर तो जोक नाही, ती तोंडी परीक्षा आहे. सिम्प्सन्सचे चांगले भाग असे लिहिलेत की मूळ पिक्चर माहीत नसला तरी हसू येतंच, आणि माहीत असेल तर आणखी एक थर उघडतो, एवढंच. एक सीन सांगतो. १९९२ चा भाग आहे, तिसऱ्या सीझनमधला, बार्टच्या मित्राला प्रेम होतं तो. सुरुवातीलाच बार्ट सकाळी बापाच्या खोलीत चोरपावलांनी शिरतो, ड्रॉवरवर ठेवलेली चिल्लरची बरणी हळूच उचलतो, होमर जागा होतो आणि मग नुसती पळापळ. बार्ट जिन्यावरनं खाली, मागनं चड्डीवरचा होमर घरंगळत घरंगळत असा येतो की जिनाभर दुसरं काही दिसतच नाही, नुसता एक अजस्र पिवळा गोळा. गॅरेजचं दार खाली येत असतंय, बार्ट त्याच्या खालनं सरपटत निसटतो आणि शेवटच्या क्षणाला हात आत घालून टोपी काढून घेतो. मग स्कूल बसमधे उडी आणि बस सुटली, मागं होमर रस्त्यात उभा राहून काहीतरी ओरडतोय.

आता हे वाचून हसू आलं का नाही? यात स्पीलबर्गचा १९८१ चा 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' कुठं लागला? तो बघितलेला असेल तर कळतं की पहिली दहा-बारा मिनिटं शॉटला शॉट लावून उचललीत, सोन्याच्या मूर्तीच्या जागी चिल्लर, गडगडणाऱ्या दगडाच्या जागी बाप, विमानाच्या जागी स्कूल बस. गंमत अशी की ही अदलाबदल नुसती हुशारी दाखवायला नाहीये. बार्टच्या वयाच्या पोराला बापाच्या खोलीतनं पैसे लांबवणं हे खरोखरच तेवढंच थरारक असतं! म्हणजे नक्कल सुद्धा पात्राबद्दल काहीतरी सांगून जाते, आणि माझ्या मते भारी नक्कल ओळखायची खूण हीच.

दुसरं उदाहरण माझं अत्यंत लाडकं, म्हणून जरा लांबण लावतो. १९९३ च्या ऑक्टोबरमधला 'केप फिअर' नावाचा भाग. मूळ पिक्चर दोनदा झालाय, १९६२ ला आणि परत १९९१ ला स्कॉर्सेसीनं रॉबर्ट डी निरोला घेऊन. तुरुंगातनं सुटलेला गुन्हेगार एका कुटुंबाच्या मागं लागतो, अंगावर काटा येतो असा प्रकार. सिम्प्सन्समधे तो गुन्हेगार म्हणजे साइडशो बॉब, आवाज केल्सी ग्रामरचा, नाटकी, सुसंस्कृत, ऑपेरा ऐकणारा आणि बार्टच्या जिवावर उठलेला. पिक्चरमधे डी निरो गाडीच्या खाली स्वतःला बांधून घेऊन प्रवास करतो, बॉब पण तेच करतो, फक्त होमर गाडी स्पीडब्रेकरवरनं आणि निवडुंगाच्या रानातनं नेतो. शेवटी बॉब गाडीखालनं बाहेर पडतो, एक पाऊल टाकतो, आणि पाय दाताळ्यावर. पालापाचोळा ओढायचं असतं ना ते, त्याचा दांडा फाडकन तोंडावर. तो कण्हतो. वळतो, परत दाताळं. परत कण्हणं. असं मोजून नऊ वेळा.

खरी गोष्ट अशी की भाग वेळेला कमी पडत होता, भरायला काहीतरी पाहिजे होतं, म्हणून ते लांबवलं. पण बघताना काय होतं बघ: पहिल्या दोन वेळा हसतोस, चौथ्या-पाचव्याला वाटतं आता पुरे की राव, आणि सातव्यापासनं परत हसू फुटतं ते थांबतच नाही, कारण आता दाताळ्याला हसत नसतोस, त्यांच्या निर्लज्जपणाला हसत असतोस. यात कुठल्या पिक्चरचा संदर्भ? कुठलाच नाही. जगभरातल्या लोकांना त्या भागातलं सगळ्यात जास्त काय आठवतं विचारलं तर दाताळं सांगतील, डी निरो नाही.

तेव्हा नुसतं बघ. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी नकला आधी बघितल्या आणि मूळ पिक्चर नंतर, तरी काही बिघडलं नाही. उलट काय होतं, कधीतरी रात्री 'सिटिझन केन' लावतोस, १९४१ चा, म्हाताऱ्याच्या हातातनं काचेचा गोळा निसटतो आणि तुला एकदम होमरच्या अणुवीज केंद्राचा म्हातारा मालक मिस्टर बर्न्स आणि त्याचं टेडी बेअर आठवतं, बोबो! उलट्या दिशेनं लागलेला तो जोकसुद्धा जोकच.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे. नातवामुळे हे कार्टून थोडेफार पाहिले. दुसऱ्याच्या चित्रपटातील प्रसंग जसाच्या तसा उचलायचा, चाली उचलायच्या, चेहरे उचलायचे आणि त्याला कला म्हणायचे? आमच्या वेळी याला कॉपी म्हणत आणि पेपर काढून घेत. (एक वाचक, सातारा)

सर, तुमच्या वर्गात पेपर काढून घेतला असता हे कबूल. पण कॉपी करणारं पोरगं लपवतं, बरोबर? त्याला वाटतं की कुणाला कळू नये. विडंबन करणाऱ्याचं पोटच मुळी तुम्हाला कळलं यावर भरतं. उचललंय हे ज्याला सांगायचंच आहे तो चोर कसला.

आणि हे अमेरिकेतनं आलेलं खूळ आहे असं तर बिलकुल समजू नका. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावानं केशवसुतांच्या 'आम्ही कोण?' ची कशी फिरकी घेतली ते तुम्ही वर्गात शिकवलंही असेल. तमाशातल्या वगात राजा आणि प्रधान बोलायला लागले की दोन मिनिटांत कळतं की हा राजा कुठल्या पुराणातला नाही, हा आपल्या गावचा पुढारी आहे, आणि सोंगाड्या त्याला सगळ्यांसमोर सोलतो. आमच्या सांगलीचं तर विचारूच नका. इथं १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं आणि मराठी नाटक सुरू झालं, आणि इथलेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, त्यांचं १९०७ चं 'कीचकवध'. वरवर महाभारत, विराटाचा दरबार, सैरंध्री, कीचक. पण बघणाऱ्याला कळत होतं की कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, आणि भीम कोण, युधिष्ठिर कोण हेही कळत होतं. सरकारलाही कळलं, १९१० ला बंदी घातली. ते विडंबन नव्हे, रूपक म्हणा, पण कारागिरी तीच: ज्याला कर्झन माहीत नाही त्याला तगडं पौराणिक नाटक बघायला मिळतं, ज्याला माहीत आहे त्याच्या मुठी आवळतात.

आता उचललेल्या साच्यातनं नेम कुणावर धरलाय हे बघायचं. सिम्प्सन्समधे दोन्ही तऱ्हा आहेत. कधी मूळ कलाकृतीचीच टर उडवतात. रेनियर वुल्फकॅसल नावाचा धिप्पाड हिरो आहे, तो सरळसरळ अर्नोल्ड श्वार्झनेगर आणि त्या काळातल्या मारधाड पिक्चरवरचा टोमणा आहे. पण जास्त मजा तेव्हा येते जेव्हा मूळ कलाकृती नुसती शिडी म्हणून वापरतात आणि नेम दुसरीकडंच असतो. १९९३ च्या जानेवारीतला मोनोरेलचा भाग बघा, कोनन ओब्रायननं लिहिलेला, जो नंतर टीव्हीवर मोठा सूत्रसंचालक झाला. गावातल्या कारखानदाराला प्रदूषणापायी तीस लाख डॉलर दंड होतो, गावाकडं आयता पैसा येतो. मार्ज म्हणते रस्त्याला खड्डे पडलेत ते बुजवा. सभा जवळजवळ तयार होते, आणि तेवढ्यात मागनं एक टापटीप पाहुणा उठतो, गोड बोलतो, चक्क गाणं म्हणतो, आणि पाच मिनिटांत अख्खं गाव "मोनोरेल! मोनोरेल!" करत नाचायला लागतं. चार गल्ल्यांच्या गावाला मोनोरेल कशाला पाहिजे हे कुणी विचारत नाही. साचा 'द म्युझिक मॅन' या ब्रॉडवेच्या संगीत नाटकाचा आहे, १९५७ चं, त्यात एक ठग छोट्या गावाला बँडची वाद्यं विकत असतो. पण टोमणा त्या नाटकाला थोडाच आहे! टोमणा गावाला आहे. खड्डे राहिले बाजूला आणि चकचकीत गोष्टीवर ठराव पास झाला, अशी सभा तुम्ही साताऱ्यात, मी सांगलीत, आपण सगळ्यांनी बघितलेली आहे.

आणखी एक. हे लोक ज्या फॉक्स वाहिनीवर दिसतात तिचीही उडवत आलेत. २०१० ला तर बँक्सी या चित्रकाराकडनं सुरुवातीचा तुकडा करून घेतला, त्यात दाखवलं की आशियातले कामगार अंधाऱ्या कारखान्यात बसून सिम्प्सन्सचीच चित्रं रंगवतायत. मालिकेचं बरंचसं ॲनिमेशन खरंच कोरियात होतं, म्हणजे नेम स्वतःवरच. नातवाबरोबर मोनोरेलचा भाग एकदा बघाच सर, आणि मग परत पत्र लिहा, भांडायला तयार आहे.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर फिरतंय की सिम्प्सन्सनं ट्रम्प अध्यक्ष होणार हे आधीच सांगितलं होतं, सरकत्या जिन्यावरचा फोटो पण आहे. खरं का? (एक वाचक, कराड)

अर्धं खरं. मार्च २००० च्या एका भागात भविष्यकाळ दाखवलाय, लिसा अध्यक्ष झालीय आणि म्हणते आधीच्या ट्रम्पनी तिजोरी रिकामी ठेवलीय. पण त्याच सुमारास ट्रम्पनी रिफॉर्म पार्टीकडनं उभं राहायची चाचपणी खरोखर केली होती, पेपरात येत होतं, लेखकांनी त्यावरच जोक मारला. भविष्य कसलं, ती त्या दिवसांतली बातमी होती. आणि सरकत्या जिन्याचा जो फोटो फिरतो तो २०१५ सालच्या छोट्या व्हिडिओतला आहे, म्हणजे ट्रम्प खऱ्या जिन्यावरनं उतरून उमेदवारी जाहीर करून झाल्यावर काढलेला! तो ग्रुपवर टाका आता.

बाकी शेकड्यांनी भाग केले, प्रत्येकात डझनभर थट्टा, त्यातल्या चार खऱ्या निघाल्या तर आश्चर्य ते काय. १९९८ ला एका पाटीवर दाखवलं होतं की फॉक्स स्टुडिओ डिस्नेच्या मालकीचा झालाय, आणि २०१९ ला खरंच झाला. गंमत आहे, पण पंचांग नाही.

प्रश्न : सिम्प्सन्स, फॅमिली गाय आणि साउथ पार्क, तिन्हीत पिक्चरच्या नकला असतात, मग फरक काय? भावाशी पैज लागलीय, तो म्हणतो फॅमिली गाय सगळ्यात भारी. (एक वाचक, मिरज)

पैज कशाची ते लिहिलं नाही, जेवणाची असेल तर मी तुमच्या बाजूनं.

फॅमिली गाय ३१ जानेवारी १९९९ ला सुरू झालं, सेथ मॅकफार्लनचं. त्यांची खास पद्धत म्हणजे कापून मधेच दुसरीकडं जाणं. त्यातला बाप पीटर म्हणतो "हे तर त्या वेळेपेक्षा वाईट, आठवतंय का मी तेव्हा अमक्या..." आणि लगेच एक तुकडा लागतो, ज्याचा चालू गोष्टीशी काडीचा संबंध नसतो. कधी पोट धरून हसू येतं हे नाकारत नाही, आणि २००७ ला 'स्टार वॉर्स'चं अख्खं विडंबन केलं, लुकासच्या कंपनीला विश्वासात घेऊन, ते मेहनतीचं काम आहे. पण बऱ्याचदा होतं काय की जुन्या जाहिरातीचं, जुन्या मालिकेचं नाव घेतलं, प्रेक्षकाला ते ओळखू आलं, आणि ओळखू आल्याचा आनंद म्हणजेच जोक असं धरून पुढं गेले. नुसता चिरमुऱ्यांचा ढीग घातला म्हणून भडंग होत नाही हो, फोडणी कुठाय?

हे मी एकटा म्हणत नाही. साउथ पार्कवाल्यांनी २००६ ला फॅमिली गायची जी काशी केली ती बघा: त्यांनी दाखवलं की फॅमिली गायचे लेखक म्हणजे एका मोठ्या टाकीतले पाणगायी, मॅनटी म्हणतात ते जाडजूड समुद्री जनावर, पाण्यात चेंडू असतात, प्रत्येकावर एक शब्द, पाणगायी कुठलेही चार-पाच चेंडू ढकलत नळीत टाकतात आणि झाला जोक तयार. विडंबनावरचं विडंबन! इतकी नेमकी समीक्षा मी तरी छापील वाचलेली नाही.

साउथ पार्क स्वतः १९९७ पासून आहे, ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन. त्यांची ताकद म्हणजे वेग. एक भाग सहा दिवसांत उरकतात, सिम्प्सन्सच्या एका भागाला महिनोन्महिने लागतात. त्यामुळं मंगळवारी घडलेलं बुधवारी त्यात दिसू शकतं आणि म्हणून ते पिक्चरपेक्षा चालू बातमीचं सोंग जास्त काढतात. तोटा पण तोच, दहा वर्षांनी बघताना ती बातमी काय होती ते शोधावं लागतं. शिवाय ओंगळपणा भरपूर, घरच्यांसमोर लावू नका. पण ते प्रामाणिक आहेत, २००२ ला एक अख्खा भाग याच रडगाण्यावर केला की काहीही नवीन सुचवा, सिम्प्सन्सनं ते आधीच करून ठेवलेलं असतं.

माझं मत विचाराल तर सिम्प्सन्सचा साधारण तिसऱ्या ते आठव्या सीझनपर्यंतचा काळ, त्याला तोड नाही. नंतर तेही पाहुण्या कलाकारांची परेड काढायला लागले, प्रसिद्ध माणूस आला, स्वतःचं नाव सांगितलं, गेला. भावाला सांगा पैज हरला, पण फार चिडवू नका.

प्रश्न : माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो ऑफिसात लोक त्याला सिम्प्सन्समधल्या भारतीय दुकानदाराच्या नावानं अपू म्हणून चिडवायचे, त्याला ते कार्टून बघवत नाही. आम्हाला इथं तो अपू गमतीशीर वाटतो. आम्ही चुकतोय का? (एक वाचक, वाई)

ताई, भावाचं बरोबर आहे, आणि तुम्हीही चुकत नाही, तुम्ही कुठं बसून बघताय त्यावर सगळं आहे. वाईत बसलेल्या माणसाच्या आजूबाजूला डॉक्टर, वकील, रिक्षावाला, भटजी, कीर्तनकार सगळे भारतीयच आहेत, त्यात एक दुकानदार गमतीशीर बोलला तर काय फरक पडतो. पण त्या काळात अमेरिकन टीव्हीवर भारतीय म्हणून जवळजवळ तो एकच चेहरा होता आणि शाळेतल्या पोरांनी तो प्रत्येक भारतीय पोराला चिकटवला. हरी कोंडाबोलू या विनोदी कलाकारानं २०१७ ला यावर माहितीपट केला. अपूला आवाज देणारा हँक अझारिया गोरा, त्यानं त्या आवाजावर पीटर सेलर्सच्या १९६८ च्या 'द पार्टी'मधल्या भारतीय पात्राची छाप असल्याचं स्वतःच सांगितलंय, म्हणजे एका गोऱ्यानं केलेल्या नकलेची दुसऱ्या गोऱ्यानं केलेली नक्कल. भारतीय माणूस त्या साखळीत कुठंच नाही! २०२० ला अझारियानं तो आवाज सोडला.

आणि यात एक गोष्ट मला फार लागते. अपू हे नाव कुठनं घेतलं ठाऊक आहे? सत्यजित रायांच्या 'पथेर पांचाली'पासनं सुरू होणाऱ्या तीन पिक्चरमधला अपू. म्हणजे ज्यानं नाव ठेवलं त्याला भारतीय सिनेमाची चांगली जाण होती, मानानंच ठेवलं असणार. पण पात्राचं पुढं काय झालं बघा, रायांचा अपू दोन-चार जणांना आठवला आणि उच्चार तेवढा सगळ्यांच्या तोंडी बसला. भावाला म्हणावं नको बघू, काय अडलंय.

प्रश्न : आठ वर्षांचा मुलगा शिनचॅन सोडून काही बघत नाही. उलट उत्तरं द्यायला शिकलाय. त्यात पण असलं विडंबन असतं का, आणि बघू द्यावं का? (एक आई, तासगाव)

असतं की. त्यात तो ॲक्शन कामेन आहे ना, ज्याच्यापायी शिनचॅन वेडा होतो, ते जपानमधे १९७१ पासून चाललेल्या 'कामेन रायडर'सारख्या मुखवट्यातल्या हिरोंचं सोंग आहे. आपल्या पोरांना मूळ माहीत नाही, तरी "हा हा हा" करत कमरेवर हात ठेवून उभं राहतात, म्हणजे वर विद्यार्थ्याला सांगितलं तेच परत. बघू देण्याचं म्हणाल तर एवढं ध्यानात ठेवा की शिनचॅनची मूळ चित्रकथा १९९० ला मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झाली होती, पोरांसाठी नाही. उलट उत्तरांचं खापर सगळं त्याच्यावर फोडू नका, पण एखाद-दोन भाग सोबत बसून बघा, काय कापायचं ते तुम्हालाच कळेल.

प्रश्न : आमचा हौशी नाट्यग्रुप आहे. एकांकिका स्पर्धेसाठी टीव्हीवरच्या मालिका आणि गाजलेले पिक्चर यांचं विडंबन करायचं ठरवतोय. कायद्यानं चालतं का, आणि फसू नये म्हणून काय करावं? (एक ग्रुप, सांगली)

कायद्याचं पटकन. अमेरिकेत सुप्रीम कोर्टानं १९९४ ला एका गाण्याच्या खटल्यात सांगितलं की विडंबन हा योग्य वापर ठरू शकतो, तिथल्या कार्टूनवाल्यांना तो आधार मोठा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात विडंबन असा शब्दच नाही, कलम ५२ मधे टीका आणि समीक्षेसाठी केलेल्या रास्त वापराला मोकळीक आहे, त्यातच बसवावं लागतं. हौशी मंडळानं विनातिकीट प्रेक्षकांपुढं केलेल्या प्रयोगालाही त्याच कलमात सूट आहे, पण स्पर्धेला तिकीट असतं का बघा, आणि नंतर यूट्यूबवर टाकलं की गणित बदलतं. मूळ गाण्याची रेकॉर्ड वाजवू नका, चाल आणि शब्द तुमचे करा. संहिता परिनिरीक्षण मंडळाकडनं पास करून घ्यायचं तर तुम्हाला मी सांगायला नको. अडलं तर वकिलाला विचारा, मी नाटकवाल्यांचा दोस्त आहे, वकील नाही.

आता फसण्याचं. तुमच्या पत्रात गडबड एकच दिसली, "टीव्हीवरच्या मालिका आणि गाजलेले पिक्चर" असं लिहिलंय. कुठली मालिका? कुठला पिक्चर? पाच मिनिटाला एक नक्कल अशी खिचडी केलीत की पाणगायींच्या टाकीत पडलात म्हणून समजा. एकच साचा घ्या, आणि भावे नाट्यमंदिरात शेवटच्या रांगेत बसलेल्या आजींना तो माहीत नसेल असं धरून लिहा. आजी हसल्या तर पास.

दुसरं, नटांनी मिस्किल हसायचं नाही. विडंबन करतोय हे नटाच्या तोंडावर दिसलं की मेलं. त्याच केप फिअरच्या भागात एक जागा आहे: सिम्प्सन कुटुंबाला लपवायला सरकार नवीन आडनाव देतं, थॉम्प्सन. अधिकारी होमरला शिकवतो, मी "हॅलो मिस्टर थॉम्प्सन" म्हटलं की तुम्ही मान हलवायची. होमर म्हणतो कळलं. अधिकारी म्हणतो "हॅलो मिस्टर थॉम्प्सन". होमर ढिम्म. परत. ढिम्म. अधिकारी शेवटी पायावर पाय देऊन म्हणतो, तर होमर शेजारच्या माणसाकडं वाकून कुजबुजतो, बहुतेक तुमच्याशी बोलतायत. हे तालमीत करून बघा, पण होमरचं काम करणारा पूर्ण गंभीर पाहिजे, मनापासून मदत करू बघणारा. मालिकेत घ्यायचे तसे मोठ्ठे पॉज आणि तीनदा वळणारा कॅमेरा दाखवायचा असेल तरी हेच लागू, वळणाऱ्याला खरंच धक्का बसला पाहिजे.

आणि तुम्ही नाटकवाले म्हणून सांगतो, याच भागावर ॲन वॉशबर्न या अमेरिकन लेखिकेनं 'मिस्टर बर्न्स' नावाचं नाटक केलंय, २०१२ ला वॉशिंग्टनला आलं. जगातली वीज कायमची गेलीय, वाचलेली माणसं शेकोटीभोवती बसलीत आणि भीती वाटू नये म्हणून केप फिअरचा भाग आठवून आठवून एकमेकांना सांगतायत. दुसऱ्या अंकात सात वर्षं गेलीत, आता त्याच भागांचे प्रयोग करत फिरणाऱ्या मंडळ्या झाल्यात, संवादांची खरेदी-विक्री चाललीय. तिसऱ्यात आणखी पंचाहत्तर वर्षं, आणि त्याचं चक्क गंभीर, मुखवटे घातलेलं संगीत नाटक झालंय, जवळजवळ धार्मिक विधीच. दशावतारी आणि पौराणिक खेळांतनं नाटक कसं उभं राहिलं हे ज्या गावाला माहीत आहे त्या गावात हे नाटक कुणी मराठीत का करत नाही, मला कळत नाही. हक्क रीतसर घ्या, तालमीला बोलवा, चहाचं मी बघतो.

प्रश्न : स्प्रिंगफील्ड नक्की कुठल्या राज्यात आहे? (एक वाचक, विटा)

मुद्दाम सांगत नाहीत. शेजारी कधी समुद्र, कधी वाळवंट, कधी डोंगर, ज्या भागाला जे लागेल ते. ग्रोनिंगनी २०१२ ला मुलाखतीत सांगितलं की नाव ओरेगॉन राज्यातल्या स्प्रिंगफील्डवरनं घेतलं, तो स्वतः त्याच राज्यातल्या पोर्टलंडचा. त्यावर लगेच अख्ख्या अमेरिकेत बातम्या आल्या की कोडं सुटलं, तेव्हा परत सांगावं लागलं की नाव तिथलं म्हटलं, गाव तिथं आहे असं नाही म्हटलं.